कोर्टाचा निकाल स्वतः वाचायला शिका, पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात एकदा रात्री साडेदहाला आमच्या चाळीतले एक काका मोबाईल घेऊन दारात उभे. "अगं हे बघ, हायकोर्टाने सांगितलंय, पागडीच्या खोल्या आता आपल्याच नावावर होणार." फॉरवर्ड आलेला मेसेज होता, वर तराजूचं चित्र आणि खाली केस नंबर. नंबर दिला होता हे बरं झालं. मी तो हायकोर्टाच्या साइटवर टाकला तर दोन पानांची ऑर्डर निघाली आणि त्यात काय, तर याचिकाकर्त्याच्या वकिलांनी याचिका मागे घ्यायची परवानगी मागितली, कोर्टाने दिली, याचिका निकाली. बस. खोलीच्या मालकीबद्दल कोर्टाने एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. काकांनी तोवर गावाला भावाला फोन करून सांगून टाकलं होतं.

त्या दिवसापासून मनात होतं की हे एकदा नीट लिहायचं. मी वकील नाही. मुंबईत फोर्टमध्ये एका वकिलांच्या ऑफिसात अकरा वर्षं आहे, बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या केसची यादी बघायची, फाइल लावायची, ऑर्डर अपलोड झाली का बघून कॉपी काढायची, पक्षकारांना फोन करून सांगायचं की काय झालं. त्या शेवटच्या कामात निकाल वाचायला शिकले, कारण समोरचा माणूस विचारतो "ताई, म्हणजे आपण जिंकलो की हरलो?" आणि तिथे गोलगोल बोलून चालत नाही. या अकरा वर्षांत एक गोष्ट पक्की कळली ती आधीच सांगते, निकाल म्हणजे कोणीतरी कोर्टाला विचारलेल्या एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर असतं. प्रश्न माहीत नसताना नुसतं उत्तर वाचलं की घोळ होतो, आणि बातमीत बहुतेक वेळा प्रश्न नसतोच.

आधी मूळ कागद हातात घ्या

बातमी नको, स्क्रीनशॉट नको, यूट्यूबवरचा व्हिडिओ तर नकोच. हायकोर्टाची ऑर्डर हायकोर्टाच्या साइटवर फुकट मिळते. तिथे आधी बेंच निवडायला लागतो, मुंबई, नागपूर, औरंगाबाद, गोवा, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच सुरू झालाय, मग साइड, म्हणजे दिवाणी, फौजदारी की ओरिजिनल असा हायकोर्टाचा विभाग, मग केसचा प्रकार आणि नंबर. नवीन माणूस हमखास अडकतो तो स्टॅम्प नंबरवर. केस दाखल केली की आधी स्टॅम्प नंबर पडतो, मग कोर्टाच्या ऑफिसने काढलेल्या हरकती दूर झाल्या की रजिस्टर नंबर मिळतो, म्हणजे एकाच केसला दोन नंबर असतात, तुम्ही स्टॅम्प नंबर रजिस्टरच्या रकान्यात टाकलात तर भलत्याच माणसाची केस उघडते आणि तुम्ही ती आपलीच समजून वाचत बसता. म्हणून नाव जुळतंय का बघायचं, दरवेळी. खालच्या कोर्टांसाठी ई-कोर्ट्स या सरकारी साइटवर सोळा अक्षरआकड्यांचा सीएनआर नंबर असतो तो सगळ्यात सोपा, एकदा मिळाला की जपून ठेवा.

सुप्रीम कोर्टाचे निकाल ई-एससीआर या कोर्टाच्याच साइटवर २०२३ पासून फुकट वाचायला मिळतात, बऱ्याच निकालांचं मराठी भाषांतरही मिळतं. भाषांतर जरूर वाचा, समजायला मदत होते, फक्त खाली स्पष्ट लिहिलेलं असतं की अधिकृत प्रत इंग्रजीच. त्यामुळे कोणाला काही ठामपणे सांगायचं असेल तेव्हा इंग्रजी वाक्य एकदा डोळ्याखालून घालाच, डिक्शनरी घेऊन बसायला लागलं तरी चालेल.

पहिलं पान पटकन, पण टाळू नका

"कोरम" पुढे न्यायमूर्तींची नावं असतात. एक नाव म्हणजे एकलपीठ, दोन म्हणजे खंडपीठ, हायकोर्टात तीन किंवा जास्त असतील तर पूर्णपीठ. सुप्रीम कोर्टात पाच किंवा जास्त न्यायमूर्ती राज्यघटनेच्या मोठ्या प्रश्नावर बसले की घटनापीठ. हे बघायचं कारण म्हणजे वजन. सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा घटनेच्या कलम १४१ प्रमाणे देशातल्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक असतो, हायकोर्टाचा त्याच्या हद्दीतल्या खालच्या कोर्टांवर, आणि एकलपीठाने खंडपीठाच्या विरोधात जायचं नसतं. उद्या कोणी म्हणालं "कोर्टाने ठरवलंय" तर पहिलं विचारा कुठल्या कोर्टाने. आमच्या धोबीतलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टाचा भाड्याच्या केसमधला निकाल त्या दोघांपुरता खूप महत्त्वाचा असतो, पण तो दाखवून दुसऱ्या चाळीतला भाडेकरू आपली केस जिंकेल असं नाही.

तारखाही तिथेच असतात, निकाल राखून ठेवला कधी आणि सांगितला कधी.

आता सरळ शेवटच्या पानावर जा

हे ऐकून लोकांना वाटतं ही काय पद्धत, पण ऑफिसात सगळे असंच करतात. शेवटच्या परिच्छेदांमध्ये कोर्टाने नेमकं काय करायला सांगितलंय ते असतं, त्याला ऑपरेटिव्ह पार्ट म्हणतात. बाकी साठ पानं म्हणजे तिथवर कसे पोचलो त्याची हकिकत.

मुंबई हायकोर्टाची स्वतःची एक भाषा आहे, ती एकदा शिकून घ्या म्हणजे अर्धं काम झालं. ऑर्डरच्या सुरुवातीला "पी.सी." दिसेल, म्हणजे पर कोर्ट, इथून कोर्ट बोलतंय. मग पुष्कळदा एकच शब्द येतो, "रूल". याचा अर्थ नियम नाही. कोर्टाने याचिका सुनावणीसाठी दाखल करून घेतली आणि समोरच्याला विचारलं की ही मंजूर का करू नये ते सांगा, एवढंच. "रूल मेड रिटर्नेबल फोर्थविथ" असं असेल तर पुढची तारीख न देता लगेचच शेवटचं ऐकून घेतलं. शेवटी "रूल मेड ॲब्सोल्यूट" आलं की याचिका मंजूर, "रूल डिस्चार्ज्ड" आलं की फेटाळली. मी नवीन असताना "डिस्चार्ज्ड" वाचून एका बाईंना सांगितलं होतं की तुमची सुटका झाली, साहेबांनी नंतर दुरुस्त केलं, पण त्या दोन तासांत त्या माउलीने देवळात नारळ फोडला होता. अजून वाईट वाटतं.

"डिस्पोज्ड ऑफ" म्हणजे निकाली काढली. यात जिंकणं हरणं काहीच कळत नाही, वर जाऊन वाचायलाच लागतं. कधी समोरच्याने मागणी मान्य केली म्हणून निकाली, कधी मागे घेतली म्हणून, कधी मुदत टळून गेली आणि आता विषयच उरला नाही म्हणून.

आणखी एक, "प्रेयर क्लॉज बी प्रमाणे मंजूर" असं एका ओळीत लिहिलेलं असतं. प्रेयर म्हणजे याचिकेतली मागणी. आता हा क्लॉज बी याचिकेत असतो, ऑर्डरमध्ये असेलच असं नाही. पाच मागण्यांपैकी एकच मंजूर झालेली असते आणि बाहेर सांगितलं जातं "याचिका मंजूर". मागण्या काय होत्या ते बघितल्याशिवाय यावर बोलू नका.

"सेट असाइड" आणि "रिमांड" जोडीने आले तर जास्तच लक्ष द्या. आधीचा निर्णय रद्द, पण प्रकरण पुन्हा खाली, नव्याने ठरवायला. माणूस जिंकलेला वाटतो, खरं तर परत पहिल्या पायरीवर आलेला असतो. याच्याच जवळचं एक सगळ्यांना आठवेल असं उदाहरण मॅगीचं. १३ ऑगस्ट २०१५ ला मुंबई हायकोर्टाने मॅगीवरची बंदी रद्द केली तेव्हा आमच्या बिल्डिंगमधली पोरं नाचली, कोर्टाने मॅगी चांगली म्हणून सांगितलं म्हणे. निकालात तसं नव्हतं. कंपनीला बाजू मांडायची संधी न देता बंदी घातली आणि ज्या लॅबमध्ये तपासलं त्या मान्यताप्राप्त नव्हत्या, असं कोर्टाने धरलं, आणि मान्यताप्राप्त लॅबमध्ये नव्याने तपासणी करायला सांगितलं, त्यात पास झाल्यावरच पुढे. प्रश्न बंदी घालायच्या पद्धतीचा होता.

मग प्रश्न शोधा

शेवट कळला की परत सुरुवातीला या आणि पेन्सिल घेऊन बसा. "प्रश्न असा उपस्थित होतो" अशा अर्थाचं वाक्य बहुतेक निकालांत पहिल्या काही पानांत मिळतंच. नसेल तर स्वतः एका वाक्यात लिहून काढा, मराठीत, घरच्या माणसाला सांगतो तसं. लिहिता आलं नाही तर अजून कळलेला नाही, परत वाचा.

मुंबईकराने निकाल वाचायला शिकायचं तर ओल्गा टेलिसचा निकाल वाचावाच असं माझं स्पष्ट मत आहे. १३ जुलै १९८१ ला, ऐन पावसात, मुख्यमंत्री अंतुल्यांनी जाहीर केलं की मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हलवून त्यांच्या मूळ गावी पाठवून देणार. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस, काही संघटना आणि फुटपाथवर राहणारी माणसं कोर्टात गेली, आणि १० जुलै १९८५ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. कुठल्याही पुस्तकात याच्याबद्दल एकच वाक्य मिळेल, की कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. खरंच आहे ते, आणि फार मोठं आहे, पोट भरायचं साधन काढून घेतलं की माणसाचं जगणंच काढून घेतल्यासारखं, हे देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने मान्य केलं.

पण शेवटच्या पानावर जा. तिथे लिहिलंय की फुटपाथवर अतिक्रमण करायचा हक्क कोणालाच नाही. पालिका कायद्याचं कलम ३१४, ज्यात नोटीस न देता अतिक्रमण काढता येतं, तेही वैध ठरवलं, फक्त एवढं की नोटीस देणं हा सर्वसाधारण नियम आणि न देणं हा अपवाद धरून ते वापरायचं. मग आदेश काय, तर पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, झोपड्या हटवायच्या नाहीत. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली त्यांना मालवणीला किंवा दुसऱ्या सोयीच्या ठिकाणी पर्यायी जागा द्यायची. आणि या वाक्याच्या मधोमध दोन स्वल्पविरामांत एक तुकडा घातलाय, की ही जागा देणं ही हटवण्याआधीची अट मात्र नाही. एवढासा तुकडा. आधी जागा मग हटवणं, की आधी हटवणं मग जागा, हा एखाद्या कुटुंबाच्या आयुष्याचा प्रश्न त्या तुकड्याने ठरवून टाकला. मी हा निकाल पहिल्यांदा पूर्ण वाचला तेव्हा या ओळीवर येऊन थांबले होते, कारण तोपर्यंत मीही लोकांना सांगायचे की ही केस फुटपाथवाले जिंकले. हक्क जिंकला, माणसं नाही जिंकली, असं मी आता सांगते.

कोर्ट बोललं ते सगळं बंधनकारक नसतं

निकालात जो भाग प्रश्नाचं उत्तर द्यायला लागतोच त्याला रेशो म्हणतात, तो पुढच्या केसमध्ये चालतो. बाकी ओघात आलेलं, उदाहरणादाखल केलेलं, समाजाबद्दल व्यक्त केलेलं मत, ते ओबिटर. ओळखायची माझी साधी युक्ती अशी, तो परिच्छेद काढून टाकला तर शेवटचा आदेश तसाच राहतो का? राहत असेल तर तो बहुतेक ओबिटर. नेमके तेच परिच्छेद बातमीत येतात कारण ते वाचायला छान असतात.

"सर्व मुद्दे खुले ठेवले आहेत" हे वाक्य दिसलं की त्या मुद्द्यांवर कोर्टाने काहीच ठरवलेलं नाही. "या केसच्या विशिष्ट परिस्थितीत" असं दिसलं की दुसऱ्या केसला तो निकाल लावताना दहादा विचार करा.

आणि सुनावणीत न्यायमूर्ती तोंडी जे बोलतात, "कोर्टाने फटकारलं, झापलं, खडे बोल सुनावले", ते तर ऑर्डरमध्ये नसतंच. एप्रिल २०२१ मध्ये मद्रास हायकोर्टात निवडणूक आयोगाबद्दल खुनाच्या गुन्ह्याची भाषा झाली, आयोग सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा ६ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ते शब्द कठोर होते पण तोंडी बोलणं हा रेकॉर्डचा भाग नाही, त्यामुळे काढून टाकायचा प्रश्नच येत नाही, आणि सुनावणीत काय घडलं ते छापायला मात्र माध्यमांना अडवता येणार नाही. म्हणून सांगताना दोन्ही वेगळं सांगा, सुनावणीत असं म्हणाले, आणि ऑर्डरमध्ये असं लिहिलंय.

न्यायमूर्तींचंच एकमत नसेल तर

मोठ्या निकालांत प्रत्येक न्यायमूर्ती स्वतंत्र लिहू शकतात आणि प्रत्येक मुद्द्यावर बहुमत वेगळं असू शकतं. मराठा आरक्षणाचा ५ मे २०२१ चा निकाल घ्या, यावर आपल्याकडे सगळेच बोलतात आणि वाचलेला थोड्यांनी असतो. मुंबई हायकोर्टाने जून २०१९ मध्ये आरक्षण टिकवलं होतं, फक्त १६ टक्क्यांवरून शिक्षणात १२ आणि नोकरीत १३ टक्क्यांवर आणलं होतं. सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं, आणि रद्द करण्यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं. तीन विरुद्ध दोन झालं ते दुसऱ्या मुद्द्यावर, १०२ व्या घटनादुरुस्तीनंतर मागास वर्ग ठरवायचा राज्याचा अधिकार राहिला की गेला. "तीन दोनने गेलं आरक्षण" असं कितीतरी जण अजून म्हणतात, ते चूक आहे. मी अशा निकालाला कागदावर चौकट आखते, आडवे मुद्दे, उभी न्यायमूर्तींची नावं, आणि हो नाही भरत जाते.

दोघांच्या खंडपीठात मतभेद झाले तर तिसऱ्या न्यायमूर्तींकडे जातं. आयटी नियमांतल्या फॅक्ट चेक युनिटविरुद्ध, म्हणजे सरकारबद्दलची ऑनलाइन माहिती खोटी आहे का ते ठरवणाऱ्या सरकारी यंत्रणेविरुद्ध, कॉमेडियन कुणाल कामरा यांच्या आणि इतर याचिका होत्या, त्यात ३१ जानेवारी २०२४ ला मुंबई हायकोर्टात एक एक मत पडलं, आणि तिसऱ्या न्यायमूर्तींनी २० सप्टेंबर २०२४ ला नियमाच्या विरोधात मत दिलं. म्हणजे जानेवारीतला कागद हातात धरून कोणी कुठल्याही बाजूने "हायकोर्टाने ठरवलं" म्हणालं असतं तर तो निकाल नव्हताच मुळी.

तो निकाल आज जिवंत आहे का

हे शेवटी येतं म्हणून लोक विसरतात. वरच्या कोर्टात अपील झालंय का, स्थगिती आहे का, नंतर कायदाच बदलला का. वरच्याच उदाहरणात, राज्याच्या अधिकाराचा तो तीन दोनचा मुद्दा संसदेने २०२१ मध्येच १०५ वी घटनादुरुस्ती करून बदलला.

स्थगिती आणि "जैसे थे" वाचताना तारीख बघायची. गोरेगावच्या आरे कॉलनीत मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडायला विरोध करणाऱ्या याचिका हायकोर्टाने ४ ऑक्टोबर २०१९ ला शुक्रवारी फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालू झाल्या, आणि सोमवारी ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने आणखी झाडं तोडू नका म्हणून सांगितलं, तेव्हा सरकारतर्फे सांगण्यात आलं की हवी होती तेवढी तोडून झालीत. कागदावर स्थगिती मिळाली. मेट्रो कारशेडच्या जागेवर काय राहिलं होतं ते गोरेगावच्या माणसांनी बघितलंय.

सुप्रीम कोर्टाने एसएलपी, म्हणजे अपिलाची परवानगी मागणारी विशेष याचिका, एका ओळीत फेटाळली तर "सुप्रीम कोर्टाने शिक्कामोर्तब केलं" असं लिहू नका. कारण न देता फेटाळली म्हणजे अपीलच ऐकायला घेतलं नाही, हायकोर्टाची कारणमीमांसा सुप्रीम कोर्टाची होत नाही. २००० सालच्या कुन्हयम्मदच्या निकालात हे स्वच्छ सांगितलंय.

दुसऱ्याला सांगताना

निकालावर टीका करायला घाबरायचं कारण नाही. १९७१ च्या कोर्टाच्या अवमान कायद्यात कलम ५ आहे, निकाली निघालेल्या केसच्या गुणदोषांवर केलेली रास्त टीका अवमान होत नाही. निकालातल्या तर्कावर बोला, न्यायमूर्तींच्या हेतूवर नको. लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये पीडितेचं नाव, गाव, शाळा, नातेवाईक, ओळख पटेल असं काहीही लिहायचं नाही, निकालात चुकून राहिलं असलं तरी नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. आणि कोणी "ताई मग माझ्या केसमध्ये काय होईल" विचारलं तर सरळ सांगा की कागद घेऊन वकिलांकडे जा. आमच्या काकांनाही मी तेच सांगितलं, ते गेलेही.

सुरुवात करताना ओल्गा टेलिस किंवा मराठा आरक्षण लगेच उघडू नका, दमाल. हायकोर्टाची जामिनाची एखादी तीन चार पानी ऑर्डर घ्या, त्यात आरोप काय, वकील काय म्हणाले, कोर्टाला काय पटलं आणि अटी काय, सगळं छोट्या जागेत मिळतं. अशा दहा वाचल्या की मग एक दिवस सुट्टी काढून हायकोर्टात जा, चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाच्या कडेने चालतच जाता येतं, ओळखपत्र बरोबर ठेवा, फोन बंद. आदल्या रात्री साइटवर बोर्ड बघून एखादी केस निवडा, तिची आधीची ऑर्डर वाचून जा, मागच्या बाकावर बसून ऐका, आणि त्या दिवसाची ऑर्डर अपलोड झाली की घरी जुळवून बघा की ऐकलेल्यातलं कागदावर किती उतरलं.